नांगर अडला तिथे उरलेले गवत : कॅन्ससमधील चेस काउंटी

अमेरिकेच्या जवळजवळ मधोमध असलेल्या कॅन्सस राज्याच्या पूर्व भागात उत्तरेकडून दक्षिणेकडे टेकड्यांचा एक पट्टा गेला आहे. त्याला फ्लिंट हिल्स, म्हणजे चकमकीच्या टेकड्या, असे नाव असून तो पुढे ओक्लाहोमा राज्यातही शिरतो. या पट्ट्याच्या ऐन मध्यावर चेस काउंटी वसलेली आहे. काउंटी हा राज्याखालचा प्रशासकीय विभाग असून कॅन्ससमध्ये असे १०५ विभाग आहेत. मराठी वाचकाला तो जिल्ह्यासारखा वाटेल, परंतु तेथे वरून नेमलेला जिल्हाधिकारी नसतो. आयुक्तांचे छोटे मंडळ, पोलिसी कामकाज पाहणारा शेरीफ, खजिनदार आणि जमिनीच्या दस्तांची नोंद ठेवणारा अधिकारी हे सर्व मतदारांनी निवडून दिलेले असतात आणि शाळा व रस्ते यांचा खर्च मोठ्या प्रमाणात स्थानिक मालमत्ताकरातून भागतो. हा कराचा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

चेस काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे २,०१५ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरे मिळून होणाऱ्या क्षेत्राच्या तिपटीहून अधिक आहे. २०२० च्या जनगणनेनुसार तेथे २,५७२ माणसे राहत होती. कॉटनवुड फॉल्स हे मुख्य ठाणे, त्याच्या उत्तरेला अगदी लागून असलेले स्ट्राँग सिटी, आणि एल्मडेल, सीडर पॉइंट, मॅटफील्ड ग्रीन, बझार यांसारख्या लहान वस्त्या एवढाच हा संसार आहे. तरीही उत्तर अमेरिकेच्या निसर्गेतिहासात या काउंटीला असाधारण स्थान आहे. उंच गवताची प्रेअरी, म्हणजे माणसाच्या डोक्याएवढे किंवा त्याहूनही उंच गवत वाढणारा वृक्षविरहित प्रदेश, एकेकाळी या खंडात सुमारे १७ कोटी एकरांवर पसरलेली होती. आज तिचा चार टक्क्यांहूनही कमी भाग शिल्लक असून त्यातील बहुतेक फ्लिंट हिल्समध्येच आहे. आयोवा आणि इलिनॉय या राज्यांत अशाच गवताखालची काळीभोर जमीन एका पिढीत नांगरली गेली आणि तेथे मका उभा राहिला. चेस काउंटीतील गवत मात्र राहिले आणि त्याचे पहिले श्रेय जमिनीखालच्या दगडाला द्यावे लागते.

हा दगड पर्मियन नावाच्या भूशास्त्रीय कालखंडातला, म्हणजे सुमारे २८ ते २९ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्या काळी या भागावर उथळ समुद्र वारंवार चढत आणि ओसरत असे. शंखशिंपल्यांच्या आणि सागरी जीवांच्या अवशेषांपासून चुनखडक तयार झाला आणि मधल्या काळात साचलेल्या चिखलापासून शेल हा मऊ, पापुद्र्यांचा खडक तयार झाला. चुनखडकाच्या काही थरांत सिलिकेचे अतिशय कठीण गोळे आणि पट्टे आहेत. हीच ती चकमक. पावसापाण्याने शेल लवकर झिजतो आणि चुनखडक मागे राहतो, त्यामुळे टेकड्यांच्या उतारांना आडव्या पायऱ्या पडल्या आहेत. दख्खनच्या पठारावर लाव्हाच्या थरांमुळे डोंगरांना ज्या पायऱ्या पडतात, तशीच ही रचना दुरून दिसते, मात्र तिची घडण समुद्राने केलेली आहे. चुनखडक विरघळून गेल्यावरही चकमक विरघळत नाही. तिचे धारदार तुकडे मातीत साचत जातात. टेकड्यांच्या माथ्यावर मातीचा थर काही ठिकाणी वीतभरही नसतो, आणि अशा जमिनीत नांगराचा फाळ घातला की तो बोथट होतो किंवा मोडतो. १८०६ मध्ये अमेरिकी सैन्याचा अधिकारी झेब्युलन पाइक या टापूतून गेला, तेव्हा त्याने आपल्या रोजनिशीत या टेकड्यांच्या खडबडीतपणाची आणि चकमकीची नोंद केली. तेव्हापासून हे नाव रूढ झाल्याचे मानले जाते.

येथील मुख्य गवते चार : बिग ब्लूस्टेम, लिटल ब्लूस्टेम, इंडियनग्रास आणि स्विचग्रास. यांपैकी पहिली तीन वनस्पतिशास्त्राच्या वर्गीकरणात ज्या गणगोतात मोडतात, त्याच गणगोतात ज्वारी, ऊस आणि महाराष्ट्राच्या माळरानावरचे कुसळीचे गवत हेही येतात. उष्ण आणि प्रखर उन्हात कमी पाण्यावर झपाट्याने वाढण्याची जी क्षमता सोलापूरच्या ज्वारीत आहे, तीच कॅन्ससच्या ब्लूस्टेममध्ये आहे. त्याची मुळे दोन मीटरहून अधिक खोल, खडकाच्या फटीफटींतून उतरतात, आणि झाडाचा मोठा हिस्सा नेहमी जमिनीखाली असतो. वर जे दिसते ते जळाले, गुरांनी खाल्ले किंवा हिमाने करपले तरी जमिनीलगतच्या आणि जमिनीखालच्या अंकुरांतून पुन्हा नवे गवत येते. दगडांवरून घरंगळणारे पाणी हेच गवत अडवते आणि चुनखडकाच्या फटींतून मुरलेले पाणी टेकड्यांच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. त्यामुळे गुरांना पिण्याच्या पाण्याची सोयही या भूमीने स्वतःच केलेली आहे.

प्रेअरीविषयी एक गैरसमज फार दृढ आहे. पाऊस कमी म्हणून येथे झाडे नाहीत, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः चेस काउंटीत वर्षाला साडेआठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एवढ्या पावसात झाडी सहज वाढू शकते. नद्यांच्या काठी कॉटनवुड, अक्रोड, ओक आणि सिकॅमोर यांची चांगली दाट राई आहेच. टेकड्यांवर झाडे नव्हती, कारण त्या टेकड्या जळत असत. वीज पडून लागलेल्या आगींपेक्षा माणसांनी लावलेल्या आगींचा वाटा यात मोठा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. येथील आदिवासी समाज जाणीवपूर्वक गवत पेटवत असत, कारण जळलेल्या जमिनीवर उगवणाऱ्या कोवळ्या गवताकडे हरणे आणि बायसन, म्हणजे अमेरिकी रानगवे, ओढले जात. म्हणून या प्रदेशाला अस्पर्श निसर्ग म्हणणे चुकीचे आहे. माणसाच्या हाताने सतत राखलेला हा प्रदेश आहे, आणि येथे जे काही टिकले त्याचा विचार याच मुद्द्यापासून सुरू केला पाहिजे.

हा हात प्रथम कान्झा लोकांचा होता. त्यांना कॉ असेही म्हणतात आणि राज्याचे नाव त्यांच्यावरूनच पडले आहे. दक्षिणेकडे त्यांचेच भाषाबंधू असलेल्या ओसेज लोकांचा वावर होता. १८४६ च्या तहाने कॉ लोकांना चेसच्या उत्तरेला लागून असलेल्या आजच्या मॉरिस काउंटीत, कौन्सिल ग्रोव्हच्या परिसरात, एक राखीव प्रदेश देण्यात आला. पुढे तोही आक्रसत गेला, देवी आणि इतर साथींनी माणसे मेली, आणि गोऱ्या वसाहतवाल्यांना ती जमीनही हवी झाली, तेव्हा १८७३ मध्ये उरलेल्या पाचशेच्या थोड्या वर माणसांना दक्षिणेस, आजच्या ओक्लाहोमात, हलवण्यात आले. याच समाजातला चार्ल्स कर्टिस लहानपणी काही काळ कौन्सिल ग्रोव्हजवळच्या राखीव प्रदेशात आपल्या आजीकडे राहिला होता. १९२९ मध्ये तो अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला. एका व्यक्तीच्या या उत्कर्षाने समाजाच्या विस्थापनाची भरपाई होत नाही. कॉ लोकांनी कौन्सिल ग्रोव्हजवळ आपल्या जुन्या भूमीचा एक तुकडा विकत घेऊन तेथे स्मृतिस्थळ उभारले, ही घटना या प्रदेशाच्या इतिहासात कोणत्याही न्यायालयाच्या किंवा रेल्वेच्या उद्घाटनापेक्षा कमी महत्त्वाची मानता येणार नाही. कॉटनवुड फॉल्समध्ये रॉनिगर नावाच्या दोघा शेतकरी भावांनी नदीकाठच्या शेतांतून आयुष्यभर वेचलेल्या चकमकीच्या बाणाग्रांचे आणि हत्यारांचे संग्रहालय आहे. ज्या दगडाने नांगर अडवला, त्याच दगडाची हत्यारे येथे हजारो वर्षे घडत होती, हे तेथे एका दृष्टिक्षेपात कळते.

काउंटीची स्थापना १८५९ मध्ये झाली. तेव्हा कॅन्सस अजून राज्य नव्हते. १८५४ च्या कायद्याने गुलामगिरी ठेवायची की नाही हा निर्णय तेथील वसाहतवाल्यांवर सोपवल्यामुळे दोन्ही पक्षांचे लोक बंदुका घेऊन तेथे धावले होते आणि रक्तपात चालू होता. काउंटीला नाव मिळाले ते ओहायोचे गुलामगिरीविरोधी नेते सॅमन पी. चेस यांचे, जे पुढे लिंकनच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश झाले. कॉटनवुड फॉल्सच्या संस्थापकांतील प्रमुख सॅम्युएल वुड हाही गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता. त्याने येथे वृत्तपत्र सुरू केले, स्त्रियांच्या मताधिकाराचा १८६७ मध्ये हिरिरीने पुरस्कार केला, आणि १८९१ मध्ये राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, दुसऱ्याच एका काउंटीचे ठाणे कोठे असावे या वादात, गोळी लागून तो मेला.

सरकारी मोजणीने सारी भूमी चौकटींत विभागली होती. सहा मैल लांब आणि तेवढाच रुंद एक टाउनशिप, त्यात एक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, ३६ विभाग, आणि १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार पाच वर्षे कसणाऱ्या कुटुंबाला त्यातील १६० एकर, असा हिशेब होता. कागदावरच्या या चौकटींना टेकड्यांचा चढउतार ठाऊक नव्हता. पहिल्या वसाहतवाल्यांनी साहजिकच कॉटनवुड नदीच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठची गाळाची जमीन धरली, जिथे मका, गहू आणि पुढे अल्फाल्फा हे चाऱ्याचे पीक उत्तम येते. वरच्या टेकड्यांवर १६० एकरांत एक कुटुंब जगणे अशक्य होते. ती जमीन बराच काळ सामायिक कुरणासारखी वापरली गेली आणि नंतर रेल्वे कंपन्या, सट्टेबाज आणि मोठे पशुपालक यांच्या हाती एकवटली. नदीकाठी लहान शेतकरी आणि वर विस्तीर्ण कुरणांचे मोठे मालक, ही विभागणी तेव्हा पडली ती आजतागायत पुसलेली नाही.

दगडाने शेती नाकारली, पण बांधकामाला सढळ हाताने माल पुरवला. १८६७ मध्ये राज्याने मोकाट चराईस आळा घालताना दगडी कुंपण घालणाऱ्याला दर रॉडमागे, म्हणजे सुमारे पाच मीटरमागे, ४० सेंट देण्याचा कायदा केला आणि चुन्याशिवाय रचलेल्या गडग्यांचे मैलोगणती कुंपण उभे राहिले. कॉटनवुड फॉल्सचे न्यायालय १८७३ मध्ये पूर्ण झाले. ती इमारत जॉन हॅस्केल या वास्तुविशारदाने त्या काळच्या फ्रेंच धाटणीत, उतरत्या लाल छपराची आणि घड्याळाच्या मनोऱ्याची, अशी बांधली. १८७० मध्ये काउंटीची लोकसंख्या दोन हजारांच्या आत होती, हे लक्षात घेतले म्हणजे या धाडसाचे मोल कळते. भिंती स्थानिक चुनखडकाच्या, आणि तीन मजले चढत जाणारा गोल जिना काळ्या अक्रोडाच्या लाकडाचा आहे. हे कॅन्ससमधील आजही वापरात असलेले सर्वांत जुने न्यायालय असून जमिनीचे दस्त नोंदवायला आणि कर भरायला लोक आजही त्याच दारातून आत जातात. येथील खाणींचा दगड टोपीका येथील राज्याच्या विधानभवनासाठीही गेला.

१८७१ मध्ये आचिसन, टोपीका अँड सांता फे रेल्वे आली, पण ती ठाण्याच्या गावाला वळसा घालून उत्तरेकडून गेली. तिच्या स्थानकाभोवती जे गाव वसले, त्याला १८८१ मध्ये रेल्वेचे अध्यक्ष विल्यम बार्स्टो स्ट्राँग यांचे नाव मिळाले. एका गावाकडे न्यायालय आणि दुसऱ्याकडे रेल्वे, अशी ही जोडी झाली. रेल्वेने काउंटीच्या अर्थव्यवस्थेचे स्वरूप कायमचे ठरवले. टेक्सासमधून हाडकुळे बैल एप्रिलमध्ये गाडीने यायचे, उन्हाळाभर चरायचे, आणि धष्टपुष्ट होऊन कॅन्सस सिटी व शिकागोच्या बाजारांत जायचे. बझारसारखे चिमुकले गाव या मोसमात गुरे पाठवणारे मोठे स्थानक होऊन बसे. गवतात चुनखडकातले कॅल्शियम उतरते, म्हणून येथे गुरे चांगली भरतात, असे पशुपालक पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत. आज रेल्वेची जागा ट्रकांनी घेतली आहे. काउंटीच्या आग्नेय भागातून जाणाऱ्या कॅन्सस टर्नपाइक या पथकरी महामार्गावर बझारजवळ एक उतार केवळ गुरांच्या कोंडवाड्यांकडे जातो आणि सामान्य प्रवाशांना तेथे उतरता येत नाही. एखाद्या प्रदेशात कोणाला काय महत्त्व आहे, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा फाटा क्वचितच सापडेल.

त्या पहिल्या पशुपालकांतील स्टीफन जोन्स याने १८८१ मध्ये स्ट्राँग सिटीच्या उत्तरेस डोंगरउतारावर चुनखडकाची हवेली आणि तीन मजली प्रचंड गोठा बांधला. पुढच्याच वर्षी जवळच्या टेकडीवर एका खोलीची दगडी शाळा उभी राहिली. १८८८ मध्ये जोन्सने हे सर्व बार्नी लँट्री या खाणमालक आणि रेल्वेच्या कंत्राटदाराला विकले. मालक बदलत गेले, कुरण मात्र अखंड राहिले.

माणसे अखंड राहिली नाहीत. १९०० मध्ये काउंटीत ८,२४६ लोक होते, १९५० मध्ये ४,८३१ उरले, आणि त्यानंतरच्या ७० वर्षांत हा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. लहान शेते मोठ्या शेतांत विलीन झाली, ट्रॅक्टरने शेतमजुरांची गरज संपवली, जुलै १९५१ च्या महापुराने नदीकाठ धुऊन काढला, रेल्वेला पूर्वीएवढी माणसे लागेनाशी झाली, आणि एकेका गावची शाळा बंद होऊन मुले बसने कॉटनवुड फॉल्स व स्ट्राँग सिटीकडे जाऊ लागली. कुरणांचे बरेच मालक आता विचिटा, कॅन्सस सिटी किंवा त्याहूनही दूर राहतात. ते जमीन मोसमापुरती भाड्याने देतात, आणि चरणारी गुरेही पुष्कळदा तिसऱ्याच राज्यातल्या कोणाची तरी असतात. काउंटीतला गुराखी ही गुरे रोज मोजतो, कुंपणे दुरुस्त करतो, आजारी जनावर दोरखंड टाकून पकडतो. हे कौशल्य तेथे आजही पोटापाण्याचे असल्यामुळे स्ट्राँग सिटीत १९३८ पासून जूनच्या सुरुवातीला भरणारा रोडिओ, म्हणजे घोडेस्वारी आणि गुरे पकडण्याच्या कसबाची स्पर्धा, या गावांचा खरा सण आहे. तो सुरू करणाऱ्या रॉबर्ट्स घराण्यातील केन आणि जेराल्ड हे भाऊ १९४० च्या दशकात या खेळातले जगज्जेते होते.

बाहेरच्या जगाने या काउंटीचे नाव प्रथम ऐकले ते ३१ मार्च १९३१ रोजी, एका विमानाच्या अपघातामुळे. बझारजवळच्या कुरणात ट्रान्सकॉन्टिनेन्टल अँड वेस्टर्न एअर या कंपनीचे फोकर विमान कोसळून आठही जण ठार झाले. त्यांत नोत्र दाम विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे विख्यात प्रशिक्षक नूट रॉकनी होते. विमानाचे पंख लाकडी होते आणि ओलाव्याने त्यांतले चिकटवलेले सांधे सुटले असावेत, असा निष्कर्ष निघाला. लोकक्षोभामुळे सरकारला अपघातांच्या चौकशीतील गुप्तता सोडावी लागली आणि प्रवासी विमाने धातूची बांधण्याला वेग आला. दुसऱ्यांदा हे नाव दूरवर गेले ते १९९१ मध्ये, विल्यम लीस्ट हीट-मून यांच्या ‘प्रेअरीअर्थ’ या ग्रंथामुळे. चौकोनी नकाशांच्या आधाराने एकाच काउंटीचा पायी फिरून घेतलेला इतका सखोल शोध अमेरिकी वाङ्मयात विरळा आहे.

दरम्यान गवताच्या भवितव्यावर तीन दशके वाद चालू होता. १९६१ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक भूमी व साधनसंपत्ती खात्याचे मंत्री स्ट्युअर्ट उडाल उत्तरेकडच्या पोटावाटोमी काउंटीत राष्ट्रीय उद्यानासाठी जागा पाहायला हेलिकॉप्टरने उतरले, तेव्हा एका पशुपालकाने त्यांना आपल्या जमिनीवरून निघून जायला सांगितले. या विरोधामागे केवळ आडमुठेपणा नव्हता. सरकारने जमीन घेतली की ती करआकारणीतून सुटते, आणि मग शाळा कशावर चालवायच्या, हा प्रश्न खरा होता. शिवाय हे गवत जर आज उत्तम अवस्थेत असेल तर ते आम्हीच राखले आहे, मग ते आमच्यापासून वाचवण्याची भाषा कशासाठी, असे पशुपालक विचारत, आणि या प्रश्नाला उद्यानवाद्यांकडे समाधानकारक उत्तर नव्हते. अखेर सिनेटर नॅन्सी कॅसेबॉम यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये तडजोडीचा कायदा झाला. जोन्सच्या जुन्या कुरणावर १०,८९४ एकरांचे टॉलग्रास प्रेअरी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र स्थापन झाले, पण केंद्र सरकारला त्यातील १८० एकरांहून अधिक जमिनीची मालकी घेता येणार नाही, अशी अट कायद्यातच घालण्यात आली. उरलेली जमीन आज नेचर कन्झर्वन्सी या खाजगी संस्थेच्या मालकीची आहे. २००९ मध्ये तेथे साउथ डकोटातून १३ बायसन आणून सोडले गेले. उत्तरेकडच्या कोन्झा प्रेअरी संशोधन केंद्रात जवळजवळ तीन दशके चाललेल्या निरीक्षणांत, बायसन चरत असलेल्या गवताळ जमिनीवर स्थानिक वनस्पतींच्या जातींची संख्या दुपटीवर गेलेली आढळली. गाईबैलांच्या चराईनेही ती वाढली, पण कमी प्रमाणात.

यानंतर पुन्हा आगीकडे वळावे लागते, कारण या प्रदेशाचे आजचे सर्व प्रश्न तिच्यापाशी येऊन मिळतात. महाराष्ट्रात वणवा म्हणजे नुकसान, पण येथे तो मार्च-एप्रिलमधले ठरलेले काम आहे. वारा योग्य दिशेने आणि बेताचा वाहत असला, हवेत पुरेसा दमटपणा असला, की जमीनमालक प्रथम शेरीफच्या कचेरीला कळवतो. मग वारा ज्या दिशेला जातो त्या कडेला, पाण्याने भिजवलेल्या पट्ट्याला लागून, आग लावली जाते. ती वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू सरकत काळा, जळालेला पट्टा मागे ठेवते. तो पुरेसा रुंद झाला की उरलेल्या बाजूंनी इंधनाची टपकती मशाल फिरवली जाते, आणि वाऱ्याबरोबर धावणारी ज्वाळांची भिंत त्या काळ्या पट्ट्यापाशी येऊन इंधनाअभावी विझते. पाण्याची टाकी आणि पंप बसवलेल्या गाड्या घेऊन शेजारी कडांवर पहारा देतात. जळालेल्या कुरणात चरलेल्या बैलाचे वजन मोसमात चौदा-पंधरा किलोंनी अधिक भरते, हे कॅन्सस राज्य विद्यापीठाच्या दीर्घ प्रयोगांतून दिसले आहे. संपूर्ण फ्लिंट हिल्समध्ये दरवर्षी वीस लाखांहून अधिक एकर असे जाळले जातात.

याची किंमतही आहे. धूर कॅन्सस सिटी आणि विचिटापर्यंत जातो आणि शहरांच्या हवेतील ओझोनचे प्रमाण मर्यादेबाहेर जाते, म्हणून राज्याने २०१० मध्ये धूर-नियोजनाची योजना आखली. दुसरी तक्रार पक्षी अभ्यासकांची आहे. १९८० च्या दशकापासून दुप्पट गुरे अर्ध्या मोसमापुरती सोडण्याची पद्धत वाढली, तिच्यासाठी दरवर्षी सगळे कुरण जाळले जाते, आणि प्रेअरी कोंबडीला घरट्यासाठी लागणारे आदल्या वर्षीचे वाळके गवत कोठेच उरत नाही. या पक्ष्याचे नर वसंतात पहाटे ठरावीक उंचवट्यांवर जमून, गळ्याच्या नारिंगी पिशव्या फुगवून घुमतात. हे संमेलनही गवतावर अवलंबून आहे. दरवर्षी एक-तृतीयांशच जाळावे, म्हणजे एकाच कुरणात कोवळे, मध्यम आणि जुने असे तिन्ही प्रकारचे गवत राहील, ही सुचवलेली पद्धत संरक्षित क्षेत्रात अवलंबली जाते. खाजगी कुरणांत ती सावकाश रुजते आहे, कारण तिला अधिक आखणी आणि अधिक हात लागतात.

न जाळण्याचा पर्याय मात्र या गवतापुढे नाही. जिथे काही वर्षे आग थांबते तिथे प्रथम ईस्टर्न रेड सीडर हे सदाहरित झाड शिरते, आणि दोन-तीन दशकांत कुरणाची झाडी होते. त्याच्या जोडीला सेरिसिया लेस्पेडेझा ही आशियातून आणलेली शेंगवर्गीय वनस्पती पसरते. तिची पाने कडवट असल्यामुळे गुरे ती टाळतात, आणि तिचे बी जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहते. वसंतातल्या आगीने तिला आळा बसत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस जाळले तर बसतो, हे अलीकडच्या प्रयोगांतून पुढे आले आहे. पण तेव्हा मनुष्यबळ पुन्हा एकदा जमवावे लागते. एका कुरणाला सुरक्षितपणे आग लावायला वारा ओळखणारी, एकमेकांच्या इशाऱ्यावर हलणारी पाच-सात अनुभवी माणसे हवी असतात. ती आजवर शेजारच्या घरांतून येत असत. ही घरे कमी होत असताना आणि उरलेल्यांचे सरासरी वय वाढत असताना, शहरात राहणाऱ्या मालकांनी जाळणीची कंत्राटे द्यावीत की शेजाऱ्यांनी अवजारे आणि श्रम यांची भागीदारी करणाऱ्या संघटना बांधाव्यात, यावर सध्या तेथे विचार चालू आहे. अशा संघटना कॅन्ससच्या अनेक भागांत उभ्या राहू लागल्या आहेत.